पोट दिसत नाही तोवर काही घडत नाही?

‘गरोदर बाईला उगाच काचेचं भांडं करून ठेवलंय’ या वाक्याने सुरू होणारा एक लांबलचक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघी स्वतः आजी आहेत. थोडक्यात म्हणणं असं: पहिले तीन महिने बाळ म्हणजे दाण्याएवढा गोळा, तेव्हा ना त्याच्यात काही घडतं ना आईत, मळमळ-थकवा हे मनाचे खेळ, पुढे वाढणाऱ्या वजनात तीन किलोचं बाळ आणि बाकी चरबी, प्रत्येक मुलामागे एक दात जातो, सहा आठवड्यांत शरीर होतं तसं होतं, आणि शेवटी जागा उरत नाही म्हणून बाळ शांत होतं, त्याची काळजी नको. बायकांची भीती कमी व्हावी हा हेतू असेलही. पण हे सगळं बाहेरून पोट बघून लिहिलंय.

पहिल्या तीन महिन्यांपासून सुरुवात करू, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच आहे. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे पाळी चुकते तेव्हा हिशेबाने चार आठवडे भरलेले असतात, गर्भ मात्र जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. फलनानंतर साधारण २२व्या दिवशी हृदय धडधडू लागतं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती नळी २८व्या दिवसाच्या सुमारास बंद होते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात, तोच एक मोठं काम संपलेलं असतं. फॉलिक ॲसिडची गोळी (रोज ४०० मायक्रोग्रॅम) दिवस राहायच्या आधीपासून घ्यायला सांगतात ती यासाठीच. आधीच्या बाळात या नळीचा दोष असलेल्या स्त्रियांना हीच गोळी बऱ्याच मोठ्या मात्रेत, रोज ४ मिलिग्रॅम, देऊन पाहिली, तेव्हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. हा प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. ‘तीन महिने काही घडत नाही’ म्हणून जी बाई चौथ्या महिन्यात गोळी सुरू करेल, तिच्या बाळाच्या या नळीला तिचा काहीही उपयोग नाही.

याहून कडू पुरावा थॅलिडोमाइडचा. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेलं हे झोपेचं औषध गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं जाई. १९६१च्या अखेरीस तिथे ते बाजारातून काढून घेतलं, तोवर कित्येक देशांत हात-पाय न वाढलेली हजारो मुलं जन्मली होती. नुकसानीचा काळ होता फलनानंतर साधारण २० ते ३६ दिवसांचा. तो ‘दाण्याएवढा गोळा’ त्याच दिवसांत हात-पाय घडवत होता. दहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक अवयवांची मांडणी झालेली असते. पुढचे महिने मुख्यतः वाढीचे आणि ते अवयव पक्के होण्याचे.

आणि आई? तिचं हृदय दर मिनिटाला जितकं रक्त ढकलतं ते गर्भारपणात ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं, आणि या वाढीचा मोठा हिस्सा पहिल्या तीन महिन्यांतच होतो. मूत्रपिंडांची गाळण्याची गती त्याच काळात जवळपास निम्म्याने वाढते. सारखं लघवीला जावं लागतं त्यामागे हेही एक कारण आहे. गर्भपिशवी तेव्हा अजून ओटीपोटातच असते, बाहेरून पोट दिसतही नाही. प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास खोल होतो, म्हणून पोट वाढायच्या आधीच जिना चढताना धाप लागते. मळमळीला ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांसाठी: वार आणि गर्भ यांच्याकडून आईच्या रक्तात येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाशी तिचा संबंध २०२३ सालच्या संशोधनात दिसला. ज्या बाईच्या शरीराला आधीपासून त्याची सवय कमी, तिला त्रास जास्त. मनाचा दोष काढून बायकांना गप्प बसवायची सवय मात्र आपली फार जुनी.

वजनाचं गणित सोपं आहे. बाळ तीन-सव्वातीन किलो, वार सुमारे ६०० ग्रॅम, गर्भजल पाऊण किलो. गर्भपिशवी मूळची ५०-७० ग्रॅमची, ती किलोभर होते. रक्त सव्वा-दीड किलोने वाढतं, अंगात पाणी साठतं, स्तन भरतात. उरते ती तीन-साडेतीन किलो चरबी, आणि ती दूध पाजण्याच्या दिवसांची शिदोरी असते. रक्तातलं पाणी तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढल्याने हिमोग्लोबिन थोडं उतरणं अपेक्षितच असतं, पण ११च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया धरतात (मधल्या तीन महिन्यांत १०.५). तिथे ‘असं होतंच’ म्हणून सोडायचं नाही.

दातांचं खोटं आहे. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या दातांतून जात नाही. तिचं आतडंच अन्नातून जवळजवळ दुप्पट शोषू लागतं. हिरड्या सुजतात, रक्त येतं, ते संप्रेरकांमुळे. त्याकडे दुर्लक्ष झालं की दात जातो आणि नाव बाळाचं होतं.

सहा आठवड्यांत गर्भपिशवी खरंच जवळपास मूळ आकाराला येते. तेवढ्यावरून सगळं शरीर आलं असं कसं म्हणायचं? आईच्या मेंदूतल्या करड्या भागात गर्भारपणात होणारे बदल बाळंतपणानंतर किमान दोन वर्षं टिकलेले २०१६च्या अभ्यासात दिसले. मुलाच्या पेशी तर आईच्या रक्तात २७ वर्षांनंतरही सापडल्या आहेत.

राहिलं ते शेवटचं वाक्य, आणि त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसले. ‘जागा कमी होते म्हणून बाळ शांत होतं.’ नाही होत. साधारण १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान हालचाल जाणवू लागते, ३२ आठवड्यांपर्यंत वाढत जाते आणि पुढे कळा सुरू होईपर्यंत तेवढीच राहते. हालचालीची तऱ्हा बदलू शकते, लाथेऐवजी वळणं जास्त जाणवतील. पण नेहमीपेक्षा कमी होणं हे बाळ अडचणीत असल्याचं लक्षण असू शकतं. दिवसाला अमुक लाथा असा आकडा सगळ्यांना लागू नाही, आपल्या बाळाची नेहमीची चाल आईला माहीत असते, तीच मोजपट्टी. ती बिघडली की त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात फोन करायचा. गोड खाऊन किंवा गार पाणी पिऊन वाट बघायची नाही. घरी आणलेल्या यंत्रावर ठोके ऐकू आले म्हणूनही थांबायचं नाही, कारण ते कित्येकदा आईच्याच रक्तवाहिनीचे असतात.