चौकटीबाहेरचे आठ पिक्सेल

महापे किंवा ऐरोली येथील एखाद्या इमारतीत बसून डेस्कटॉप ब्राउझरच्या विंडो सांभाळणारा कोड आता आपल्याला पाहायचा असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. ही जबाबदारी कोणी मागून घेत नाही. आधीचा माणूस पुण्याला निघून गेला की ती आपोआप येते. काम ऐकायला अगदी सोपे आहे. विंडो उघडायची, सरकवायची, लहानमोठी करायची, मिटायची आणि दुसऱ्या दिवशी जिथे होती तिथेच पुन्हा उघडायची. पाने रंगवणाऱ्या आणि जावास्क्रिप्ट पळवणाऱ्या मंडळींची परिषदांमध्ये भाषणे होतात. विंडोचे स्थान घराच्या उंबऱ्यासारखे आहे. ठेच लागेपर्यंत तो आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ती ठेच नेमकी कशी लागावी, याविषयी काही अनुभवाचे बोल पुढे देत आहे.

पहिल्याच आठवड्यात साफसफाई काढावी. या कोडमध्ये आपल्याला अशा ओळी सापडतील, की त्या लिहिणाऱ्याच्या बुद्धीविषयी शंका यावी. उदाहरणार्थ, विंडोची जागा जतन करण्यापूर्वी ती उणे ३२००० तर नाही ना, अशी एक तपासणी दिसेल. उणे ३२००० या जागी कोण विंडो ठेवील, असे म्हणून आपण ती ओळ काढून टाकावी. प्रत्यक्षात ती विंडोज स्वतःच ठेवते. वापरणाऱ्याने विंडो मिनिमाइझ केली, की विंडोज तिला आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही अक्षांवर उणे ३२००० या जागी नेऊन टाकते. तपासणी काढल्यावर तीच जागा इमानाने जतन होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउझर इमानाने तिथेच उघडतो. ९६ पिक्सेलचा एक इंच धरला, तर ती जागा पडद्याच्या डावीकडे साधारण साडेआठ मीटरवर आणि तितकीच वर येते. म्हणजे विंडो उघडलेली असते, परंतु दोन-तीन मजले वर, दुसऱ्याच कंपनीच्या पँट्रीत. टास्कबारवर चिन्ह दिसते, दाबले की ते प्रतिसादही देते, आणि पडद्यावर काहीच येत नाही. अशा तक्रारीला ‘मशीन बंद करून पुन्हा चालू करा’ हे उत्तर द्यावे. विंडो पुन्हा तिथेच उघडेल, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी होते.

यानंतर आपली दृष्टी त्या आठ पिक्सेलांवर जाईल, आणि ती जावीच, कारण या क्षेत्रातील खरे पुण्य तिथे आहे. विंडोजवर विंडो मॅक्सिमाइझ केली, की ती पडद्याच्या कडांपाशी थांबत नाही. १०० टक्के स्केलिंगवर (म्हणजे पडद्यावरचे सारे मोठे न करता मूळ मापात दाखवताना) तिचा डावा-वरचा कोपरा शून्य-शून्यावर नसून उणे आठ, उणे आठवर असतो. कारण असे, की विंडोभोवती धरून ओढण्यासाठी जी किनार असते, ती मॅक्सिमाइझ झाल्यावर निरुपयोगी ठरते. म्हणून विंडोज ती पडद्याबाहेर ढकलून देते. शीर्षकपट्टी विंडोज स्वतः काढत होती, तोवर याच्याशी ब्राउझरचा संबंध नव्हता. पुढे ब्राउझरांना टॅब थेट शीर्षकपट्टीच्या जागेत बसवण्याची हौस आली, त्यांनी ‘ही सगळी जागा आमची’ असे विंडोजला सांगितले, आणि जागेबरोबर त्या किनारीचे प्रारब्धही त्यांच्या पदरी पडले. आता मॅक्सिमाइझ झाल्यावर आतला ऐवज तेवढाच आत ढकलण्याचे काम ब्राउझरचे झाले. आपल्या पूर्वसुरीने हे जिथे केले आहे, ती ओळ अर्थातच ओबडधोबड दिसते. ती काढावी. टॅबांची डोकी उडालेली पाहून टेस्टर धावत आला, की तिथे हाताने ८ हा आकडा लिहावा. १५० टक्क्यांवर चालणाऱ्या लॅपटॉपवर तो पुरणार नाही, तेव्हा त्याला दीडने गुणावे. हा आकडा विंडोजला विचारून घेता येतो, हे कोणी सुचवल्यास ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये पाहू’ असे म्हणावे.

आठ पिक्सेलांच्याच शेजारी एक फट सोडलेली आढळेल, तीही फार तर एखाद-दोन पिक्सेलांची. काही माणसे टास्कबार आपोआप लपेल अशी सोय करून ठेवतात. त्यांच्या पडद्यावर विंडोने शेवटचा पिक्सेलसुद्धा व्यापला, तर विंडोजला तो पूर्ण पडद्यावरचा कार्यक्रम वाटतो आणि उंदराचा बाण कितीही खाली नेला तरी टास्कबार वर येत नाही. ती फट म्हणजे त्याला बाहेर येण्यासाठी सोडलेली बोळकंडी होय. आपण ती बुजवावी. ‘खालच्या कडेला रेघ दिसते’ हे जुने तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, बंद होईल, आणि ‘टास्कबार नाहीसा झाला’ हे नवे तिकीट बहुधा दुसऱ्या विभागाकडे जाईल.

चाचणी नेहमी स्वतःच्या टेबलावर, एका मॉनिटरवर आणि १०० टक्क्यांवर करावी. दुसरा मॉनिटर लावलाच, तर तो उजवीकडे लावावा. डावीकडे कधीही नाही. मुख्य पडद्याच्या डावीकडचे आकडे उणे असतात, आणि विंडोज उंदराची जागा कळवताना दोन सोळा-बिटी संख्या एकाच संख्येत गुंडाळून पाठवते. ती पुडी सोडताना चिन्ह विसरले, की उणे १०० चे ६५४३६ होतात आणि उजवे बटण दाबून मागवलेला मेनू ऐरोलीऐवजी उरणच्या दिशेने उघडतो. ज्या ग्राहकाच्या टेबलाला उजवीकडे भिंत आहे, त्याने ती पाडून घ्यावी.

दोन मॉनिटरांचे स्केलिंग वेगवेगळे असेल, तर मौज अधिक. विंडो एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढली, की २०१३ साली आलेल्या विंडोज ८.१ पासून प्रणाली तसा निरोप पाठवते आणि ‘आता हा आकार, ही जागा घे’ असा सल्लाही सोबत देते. फुकटच्या सल्ल्याला किंमत नसते, म्हणून तो बाजूला ठेवून आकार आपणच काढावा. आपल्या हिशेबाने विंडो आकसते, आकसल्यावर तिचा मोठा भाग पुन्हा पहिल्या पडद्यावर येतो, पुन्हा निरोप येतो, ती पुन्हा फुगते, आणि सीमारेषेवर जी फुगडी सुरू होते ती उंदराचे बटण सोडेपर्यंत थांबत नाही. याचा व्हिडिओ ग्राहक जरूर पाठवील. तो जपून ठेवावा. वार्षिक स्नेहसंमेलनात उपयोगी पडतो.

लिनक्सची गोष्ट निराळी आहे. तिथे १९८७ पासून चालत आलेल्या एक्स११ व्यवस्थेत विंडो कुठे आणि केवढी असावी, हे सहसा विंडो मॅनेजर नावाचा वेगळाच प्रोग्राम ठरवतो. ब्राउझरने फक्त अर्ज करायचा. तो मंजूर होईल, अंशतः मंजूर होईल किंवा उत्तरच येणार नाही. एक्स११ च्या जागी आलेली वेलँड व्यवस्था तर ‘मी पडद्यावर कुठे आहे’ या प्रश्नाचे उत्तरही विंडोला देत नाही. अशा वेळी उत्तराची वाट पाहणारा नीट कोड लिहिण्यात आयुष्य घालवू नये. २०० मिलिसेकंद थांबावे आणि झाले असेल असे समजून पुढे जावे. कोणाच्या मशीनवर नाही झाले, तर ५०० करावे. असे थांबे वाढत गेले, की कोड वाचताना ठाणे-वाशी लोकलमध्ये बसल्यासारखे वाटू लागते: दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. लोकलच्या थांब्यांवर निदान कोणी तरी उतरते.

मॅकवर शेवटची विंडो बंद केली तरी प्रोग्राम चालूच राहतो, आणि तिथल्या माणसांना ते आवडते. त्यांची ही आवड मोडून काढावी.

विंडोचा आकार जतन करताना बाहेरच्या चौकटीसकट मोजावा आणि परत उघडताना तोच आकडा आतल्या भागाला द्यावा. प्रत्येक वेळी विंडोची उंची शीर्षकपट्टीएवढ्याने वाढते. रोज एकदा उघडझाप करणाऱ्या माणसाला पहिले तीन-चार दिवस काही जाणवत नाही, आणि पंधरवड्यात विंडो वयात येऊन पडद्याखाली उतरते. इतक्या हळू वाढणाऱ्या बगाला कोणी बग म्हणत नाही. ‘आजकाल ब्राउझर जरा जड झालाय’ असे म्हणतात, आणि तो दोष दुसऱ्या विभागाचा आहे.

हे सर्व करीत असताना स्वयंचलित चाचण्यांची भीती बाळगू नये. त्यांतल्या कित्येक अशा आभासी पडद्यावर चालतात, की जिथे टास्कबार नाही, दुसरा मॉनिटर नाही, कधी कधी विंडो मॅनेजरही नाही आणि कडेला धरून ओढणारा माणूस तर नाहीच. त्या हिरव्या होतात, म्हणजे उत्तीर्ण होतात. आपल्या कमिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीवर, ‘किरकोळ साफसफाई’ असे लिहावे. रिव्ह्यू करणाऱ्यालाही घरी जायचे असते.

वर्षभरात, एकेक तिकीट सोडवता सोडवता, उणे ३२००० ची तपासणी आपण परत लिहिलेली असेल. आठ पिक्सेल आत ढकलणारी ओळ परत आलेली असेल, फट परत सोडलेली असेल, आणि कोडच्या इतिहासात त्या ओळींसमोर पुण्याला गेलेल्या माणसाच्या नावाऐवजी आपले नाव दिसत असेल. ओळ का लिहिली, याचे कारण तिच्या डोक्यावर दोन वाक्यांत नोंदवून ठेवण्याचा मोह त्या संध्याकाळी होईल. तो आवरावा, ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीला त्यानंतर फार गर्दी होते.