अंदमानला जाताय? मग नाताळातच जा!

अंदमान बघायचं तर २५ डिसेंबर ते १ जानेवारी याच आठवड्यात. एरवी तिथे नुसता समुद्र असतो. मी नुकतीच जाऊन आले आहे, म्हणून सल्ला ताजा आहे आणि फुकट आहे. त्या आठवड्यात फुकट म्हणावं असं दुसरं काही मला तिथे भेटलं नाही.

विमानाची तिकिटं अगदी शेवटी काढा. त्या भावात घरी एखादी दुचाकी आली असती, पण दुचाकीवरून अंदमान कुठे दिसतं?

हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा असेल तर दुपारी छान झोप काढा, चहा घ्या आणि सहाला निघा. घड्याळ आपलं मुंबईचंच असलं तरी बेटं पार म्यानमारच्या अंगाला आहेत, डिसेंबरात सूर्य पाचलाच बुडतो. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी टूर मॅनेजरला विचारलं, "उद्या जरा उशिरा नाही का करता येणार?" पैसे मोजले होते ना त्यांनी.

जेट्टीवर वेळेत पोचायची घाई तर मुळीच करू नका. बोट काय, थांबतेच आपल्यासाठी. हॅवलॉकहून नील बेटाला (आता शहीद द्वीप) जायची आमची बोट होती. बस सातला सुटणार, हे रात्री तीनदा सांगून झालेलं. सातला आम्ही एकोणीस जण बसमध्ये, आणि काकांचं नऊ जणांचं कुटुंब नाश्त्याला! इडली संपली होती, डोसा यायचा होता. डोसा आला तर चटणी संपली. मग सूनबाईंचं नारळाच्या झाडापाशी रील. मग त्याच झाडापाशी पुन्हा, कारण पहिल्यात काकूंची पिशवी आली होती. चाळीस मिनिटं! जेट्टीवर पोचलो तेव्हा फाटक बंद, आणि बोट आमच्या डोळ्यांदेखत निघालेली. पुढच्या सगळ्या बोटी फुल्ल, सीझन आहे. नील रद्द. तिथला नैसर्गिक दगडी पूल ओहोटीला खडकांवरून चालत जाऊन बघावा लागतो, म्हणून माझ्या सासूबाई, वय ७४, वर्षभर रोज सकाळी अर्धा तास चालत होत्या. त्या बॅगेवर बसून समुद्राकडे बघत राहिल्या. आणि काका काय म्हणाले? "पाच मिनिटं थांबायला काय झालं होतं बोटीला? पैसे मोजलेत आपण!" अहो, ती काय कोपऱ्यावरची रिक्षा आहे? आणि आम्ही एकोणीस जणांनी काय चिंचोके मोजले होते?

असो. सल्ले राहिलेत.

किनाऱ्यावरची प्रवाळं पिशवी भरून आणा, म्हणजे विमानतळावर "मेलेलंच आहे हो ते" अशी हुज्जत घालायला मिळते.

अंगावरची वाळू जाईपर्यंत शॉवर सोडून ठेवा. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) गोडं पाणी पावसाचं, धरणात साठवलेलं, उन्हाळ्यात गावाला पुरता पुरत नाही. पण खोली डीलक्स आहे.

सेल्युलर जेलला अर्धा तास रगड. सातांपैकी तीनच बाहू उरलेत, तेवढंच चालणं कमी. तिसऱ्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीत शिरा, गज धरून चेहरा केविलवाणा करा, आणि तो नीट जमेपर्यंत बाहेरच्या रांगेला ताटकळू द्या. १९११ साली आणलेल्या माणसाला साडेतेरा फूट बाय साडेसात फुटांत वर्षानुवर्षं काढता आली, रांगेतल्यांना दहा मिनिटं जड? खाली कोलू आहे, म्हणजे तेलाचा घाणा. रोज ३० पौंड तेल गाळायचं, कमी भरलं की शिक्षा. एक जण त्याला टेकून म्हणाला, "आमच्या जिममध्ये याहून हेवी असतं." तमिळ नव्हता, बंगाली नव्हता. वळून बघितलं, तर आपलाच.

आणि बाराटांगला जाताना बिस्किटांचे पुडे हाताशी ठेवा. पहाटे तीनला उठायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची, तिथून गाड्यांचा ताफा जारवा आदिवासींच्या जंगलातून जातो. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही. नाक्यावर लिहिलेलं आहे, ड्रायव्हरनेही दोनदा सांगितलं. मागच्या सीटवरून काका म्हणाले, "दिसला की ओरडा रे, पोरांना दाखवायचाय." दिसली. रस्त्याकडेला दोन लहान मुलं उभी होती. मागची काच खाली गेली, आधी मोबाइल बाहेर आला, मग पुडा.

काका, मुलं आहेत ती! जंगल त्यांचं आहे, रस्ता आपण घुसवलाय. सगळे मिळून काही शे माणसं उरलीत. १९९९ साली बाहेरून गेलेल्या गोवराने त्यांच्यात साथ पसरली होती, आणि तुम्ही शिंकून, हात पुसून पुडा फेकता? तुमचा नातू सोसायटीच्या फाटकाशी उभा असताना कुणी बसमधून त्याच्यापुढे बिस्किटं टाकली तर? पैसे मोजलेत म्हणता. विमानाचे मोजलेत, खोलीचे मोजलेत. त्या पोरांचे कुणाला मोजलेत?

ड्रायव्हरने हात जोडले, म्हणाला, गाडी जाईल माझी. तुम्ही त्याला म्हणालात, "तू पुढे बघ." मी त्याच्या शेजारीच बसले होते. मीही पुढेच बघत राहिले, एक शब्द बोलले नाही. आता बोलते. फोन आत घ्या. काच वर करा.