‘तारा खरखरतात, चोर दुकान’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

रिव्ह्यू वाचला. आधी माफी मागतो. तुमची गिटार दोन दिवसांत देतो म्हटलं आणि नऊ दिवस लागले. रामनवमी ते हनुमान जयंती आजूबाजूच्या खेड्यांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या अन् खंजिऱ्या एकदमच दुरुस्तीला येतात, आणि दुकानात मी एकटा. तरी एक फोन करायला पाहिजे होता. चुकलंच.

पण "फ्लॅमेंको म्हणून साधी गिटार टेकवली, वरून पट्टी घासून बिघडवली, चोर दुकान" हे वाचून रात्री जेवण गेलं नाही. वडिलांच्या वेळेपासून दुकान आहे. उशीर करतो असं लोक म्हणतात, चोर कोणी म्हटलं नव्हतं.

तुम्ही मोबाईलवर फ्लॅमेंकोचा, म्हणजे स्पेनकडच्या ठोके देत वाजवायच्या गिटारचा, व्हिडिओ दाखवून "हीच पाहिजे, दहा हजारांत बसवा" म्हणालात. मी तेव्हाच सांगितलं होतं की खऱ्या फ्लॅमेंको गिटारची पाठ आणि बाजू सहसा सायप्रस लाकडाची, वरची फळी स्प्रूसची, पोट थोडं उथळ, म्हणून आवाज कोरडा आणि झटकन विझणारा. यामाहाची सीजी 172 एसएफ दाखवली, तर किंमत पाहून तुम्हीच फोन खिशात टाकला. मग मी म्हटलं, स्प्रूसच्या फळीची नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घ्या, तारा खाली उतरवून देतो, बोटांनी ठोकायला वर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी चिकटवतो, शिकायला दोन-तीन वर्षं आरामात पुरेल. तुम्ही "चालते" म्हणालात. बिलावर ‘क्लासिकल’ असंच लिहिलं आहे, कार्बन कॉपी दुकानात आहे.

आता खरखर. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावर आडवी बसवलेली धातूची बारीक कांडी) जाड तार 4 मिलिमीटर उंच होती. "बोटं दुखतात, व्हिडिओतल्यासारखी खाली पाहिजे" हे तुमचेच शब्द. फ्लॅमेंकोवाले साधारण 3 च्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवतात. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून तिथे 1 मिलिमीटर उतरवायचा तर तारा बांधतात त्या ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, 2 मिलिमीटर कमी करावी लागते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तुमच्यासमोरच घासली, तुम्ही चहा घेत होता. तेव्हाच बोललो होतो की जोरात झाडली तर तार फ्रेटला लागून थोडी खरखरेल. फ्लॅमेंकोत एवढी खरखर चालते, कित्येकांना ती हवीच असते. तंबोऱ्याची घोडी घासून कारागीर जवारी, म्हणजे तारेचा झणझणता नाद, काढतात, त्याला कोणी बिघाड म्हणतं का? (गिटारची गोष्ट वेगळी आहे, मान्य. इथे आवाज घोडीवर नाही, फ्रेटवर होतो.)

दुकानात हळू वाजवताना खरखर नव्हती, हे तुम्हालाही आठवत असेल. नंतर मे लागला. फोनवर तुम्हीच म्हणालात की गिटार टिनाच्या खोलीत भिंतीला टांगलेली असते आणि रात्री कूलरसमोर वाजवता. आपल्याकडचं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन टिनाखाली काय करतं ते मी सांगायला नको. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फळी बसते, तिच्यासोबत तारा अजून खाली येतात. मग रात्री कूलरची ओली हवा. गिटार बॅगेत, आतल्या खोलीत ठेवा, एवढंच म्हटलं होतं.

ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त मिळते म्हणता, मिळत असेल. प्लास्टिकची पट्टी आणि सॅडल घासणं मिळून मी 700 घेतले, नऊ दिवसांत धरले तर... जाऊ द्या.

आणि "बिघडवली" याबद्दल. कंपनीच्या सॅडलला मी हातच लावला नाही. माझ्याकडची हाडाची नवी पट्टी घासून बसवली. जुनी कागदात गुंडाळून बॅगेच्या लहान खिशात ठेवली आहे, वर पेनाने ‘मूळ’ लिहिलं आहे. तो खिसा उघडून पाहिला का? तारा सैल करा, पट्टी बाजूने सरकवून काढा, जुनी बसवा, सूर लावा. खरखर जवळजवळ जाईल. बोटं मात्र पहिल्यासारखी दुखतील.

यापुढे तारीख चिठ्ठीवर लिहून देऊ, उन्हाळ्यात कशी जपायची तेही नीट सांगत जाऊ. स्टार वाढवा म्हणत नाही. पण ‘चोर’ तेवढं काढा भाऊ, गाव लहान आहे, पोरांना पेटी घेऊन द्यायची तर मायबाप आधी मोबाईल पाहतात. बाजाराचा दिवस सोडून कधीही या, पट्टी मीच बदलून देतो, पैसे नाही घेणार. बॅग सोबत आणा.