आई, ओटीपी आला का?

ज्यांची मुलं परदेशात आहेत, अशा पुण्यातल्या बहुतेक घरांत एक जादाचा फोन असतो. जुना, काचेला तडा गेलेला, कायम चार्जिंगला लावलेला. त्यात मुलाचं नाहीतर मुलीचं भारतातलं सिम असतं आणि त्या फोनला काम एकच, ओटीपी घेणं. आमच्या औंधच्या घरी तो फ्रीजवर असतो. मी राहते जर्मनीत, ब्रेमेनला. (होय, औंधच्या ब्रेमेन चौकातलं ब्रेमेन ते हेच.)

मला भारतातल्या बँकेचं काही काम करायचं असलं की मी आधी आईला व्हिडिओ कॉल लावते. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे मी ऑफिसातून सहाला सुटले तर तिच्याकडे रात्रीचे साडेदहा. ती चष्मा शोधते, फोन खाली काढते आणि तिच्या सवयीनं दोन-दोन आकडे जोडून वाचते. "सत्याऐंशी, एकोणसाठ, शून्य चार." "आई, सुटे सुटे सांग ना." "अगं, तेच सांगतेय. आठ, सात, पाच..." तोवर मुदत संपते आणि पुन्हा नवा ओटीपी मागवावा लागतो. त्याच एसएमएसच्या शेवटी लिहिलेलं असतं की हा क्रमांक कोणालाही सांगू नका.

मला जे म्हणायचंय ते या शेवटच्या ओळीबद्दल आहे.

फोन वाजतो, पलीकडचा माणूस घाईत असतो, "पटकन सांगा, वेळ संपतेय" म्हणतो आणि घरातलं वयस्कर माणूस सहा आकडे वाचून दाखवतं. फसवणूक अशीच होते ना? आणि ज्या घरातलं मूल बाहेर आहे तिथे या गोष्टीचा सराव वर्षानुवर्षं चालू असतो. अगदी प्रेमानं, गरजेपोटी. बँका जाहिराती करतात, पोलीस सोसायट्यांमध्ये येऊन व्याख्यानं देतात, १९३० हा हेल्पलाइन नंबर सगळ्यांना पाठ करायला सांगतात. ते सगळं योग्यच आहे. पण ज्या सॉफ्टवेअरनं दुसरी वाटच ठेवलेली नाही, त्याबद्दल कोणी बोलत नाही. उद्या कुणी माझ्या आवाजात बोलून आईकडे ओटीपी मागितला आणि तिनं तो दिला, तर मी तिला एका शब्दानं बोलणार नाही. दोष असलाच तर ज्यांनी ही रचना केली त्यांचा.

आपल्याकडे मोबाइल नंबर म्हणजेच माणूस असं धरून सगळं बांधलंय. बँक त्याच नंबरावर, आधार त्याच नंबरावर, गॅसचं बुकिंग त्याच नंबरावर. गेल्या आठवड्यात बाबांच्या रक्ततपासणीसाठी एका लॅबच्या ॲपवर नाव नोंदवत होते. फॉर्ममध्ये मोबाइलसाठी दहाच आकडे लिहिता येतात आणि पुढे +९१ आधीच छापलेलं, ते पुसता येत नाही. माझा जर्मनीचा नंबर +४९ नं सुरू होतो, तो कुठे लिहू? ईमेलचा रकाना होता, तो भरलाही, पण रिपोर्ट उघडायला ओटीपी लागणारच आणि तो फोनवरच येणार. बाबांना व्हॉट्सॲपच्या पुढे काही जमत नाही, आईला दोघांची औषधं सांभाळायची असतात. रिपोर्ट डॉक्टरांना पाठवायचं काम माझं आहे. ते ब्रेमेनहून करता आलं पाहिजे, एवढी साधी अपेक्षा आहे माझी.

सिम जिवंत ठेवणं हा वेगळाच व्याप. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरलाच नाही आणि त्यात पैसेही नसले तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. मग तुमच्या खात्याचे मेसेज एका अनोळखी माणसाच्या फोनवर जायला लागतात. म्हणून मग बाबा दर महिन्याला न चुकता रिचार्ज करतात.

यूपीआयचंच घ्या. २०१६ मध्ये सुरू झालं आणि आज भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांकडे कोड लावलेला दिसतो. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. जर्मनीत आजही 'फक्त रोख' अशी पाटी लावलेली दुकानं सापडतात. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं परदेशी नंबरावरूनही एनआरई आणि एनआरओ, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या खात्यांना यूपीआय जोडायला परवानगी दिली. पहिल्या यादीत दहा देश होते: सिंगापूर, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन. जर्मनी त्यात नव्हता. तरी मी या निर्णयाचं स्वागतच करते, कारण नंबर भारताचाच हवा हा हट्ट सोडता येतो हे त्यातून सिद्ध झालं.

नंबराला एवढं घट्ट धरून ठेवण्यामागे कारण आहे, हे मला मान्य आहे. आपल्याकडे ज्यांना ईमेल म्हणजे काय हे माहीत नाही अशा कोट्यवधी लोकांकडे फोन मात्र आहे. त्यांच्यासाठी एसएमएस हाच सोपा मार्ग होता आणि त्यामुळेच एवढी माणसं बँकेशी जोडली गेली. परदेशात बसून भारतीय नंबर वापरून लोकांना गंडवणाऱ्या टोळ्याही खऱ्या आहेत. त्याच कारणानं नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं मेसेजिंग ॲप्सना आदेश दिला, की नंबराचं सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चाललं पाहिजे. हेतू चांगला आहे. पण ज्या सिमवर माझं व्हॉट्सॲप आहे ते फ्रीजवरच्या फोनमध्ये राहणार असेल, तर माझ्यासारखीनं काय करायचं, याचाही विचार हवा.

एसएमएसचा ओटीपी काढून टाका असं मी म्हणतच नाही. त्याच्या शेजारी दुसरं दार ठेवा. तंत्रज्ञान नवीन नाही. फोनमधल्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी जो सहा आकडी कोड बदलतो, त्याचं प्रमाणित तंत्र २०११ पासून सगळ्यांना खुलं आहे. बँकेचा सर्व्हर आणि तुमचा फोन यांच्यात सुरुवातीला एकदाच एक गुप्त किल्ली वाटून घेतली जाते. मग दोघंही ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून तोच आकडा काढतात. सिम लागत नाही, रेंज लागत नाही, विमानातही चालतं. पासकी (म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्येच साठवलेली किल्ली, जी बोटाच्या ठशानं किंवा चेहऱ्यानं उघडते) त्याच्याही पुढे गेली, तिथे वाचून दाखवायला आकडाच नसतो. फोनवरून कुणी कितीही गोड बोललं तरी आई त्याला काय सांगणार? उलट एसएमएस ही त्यातल्या त्यात कच्ची वाट आहे, डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवता येतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच एसएमएसला 'मर्यादित वापराच्या' यादीत टाकलं होतं.

जर्मनीतलं एक उदाहरण देते. माझ्या रहिवासी परवान्याच्या कार्डात चिप आहे. फोनच्या पाठीला कार्ड टेकवायचं, सहा आकडी पिन टाकायचा, झाली ओळख पटवून. फोन नंबर कुणी विचारतही नाही. परवा औंधला, आमच्या डायनिंग टेबलावर बसून मी तिकडच्या पेन्शन विम्यातल्या माझ्या नोंदी पाहिल्या. शेजारी बाबांचा लॅबचा रिपोर्ट अडकलेला होता. तिकडे सगळं गोड आहे असं मुळीच नाही. पिन विसरलात तर कचेरीत जाऊन उभं राहावं लागतं आणि बँकेचं ॲप सुरू करायला लागणारा कोड टपालानं घरी येतो, त्याची वाट बघत बसायचं. पण एकदा ओळख पटली की मी कोणत्या देशात आहे यानं फरक पडत नाही.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. निवृत्त मंडळी नोव्हेंबरात हयातीचा दाखला चेहरा दाखवून फोनवरून देतात, २०२१ पासून. रिझर्व्ह बँकेनंही सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या खातरजमेचे नवे नियम काढले. त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. एसएमएस चालू ठेवायला त्यात मनाई नाही, पण बँकांना इतर मार्गही वापरता येतात. म्हणजे नियमांचं कारण आता पुढे करता येणार नाही.

आणि हे सॉफ्टवेअर लिहितं कोण? हिंजवडी, खराडी, बाणेरमध्ये बसलेली आपलीच मुलं-मुली. त्यांच्यापैकी कितीजणांचा सख्खा भाऊ न्यू जर्सीत असेल, बहीण दुबईत असेल. पुढच्या वेळी फॉर्म करताना देशाचा कोड निवडता येईल असा ठेवा, हे मीटिंगमध्ये तुम्ही मांडा. वयस्कर आईवडिलांच्या खात्यात मुलांना स्वतःच्या लॉगिननं, मर्यादित हक्कानं पाहता येईल अशी सोय मागा. म्हणजे आईचा ओटीपी लेकीला मागावाच लागणार नाही.

तुमच्यापैकी जे सुट्टीवर आले आहेत त्यांनी परत जायच्या आधी शाखेत एक चक्कर मारा. खात्याला परदेशी नंबर जोडता येतो का, ओटीपी ईमेलवर मिळेल का, ऑथेंटिकेटर चालतो का, हे विचारा. काही बँकांत यातलं काही ना काही मिळतं, पण आपणहून कुणी सांगत नाही. 'सिस्टिममध्ये नाही' असं उत्तर आलं तर तेच अर्जावर लिहून मागा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.