दहा रुपयांची छापील पट्टी: शाई स्वस्त, पकड महाग

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा: ‘शाईने छापलेली दहा रुपयांची पट्टी, अगदी शुगरच्या पट्टीसारखी. थेंबभर रक्तात डेंग्यू, लेप्टो, हार्ट अटॅक घरीच कळतो. लॅब नको, फ्रिज नको.’

घोळ ‘शुगरच्या पट्टीसारखी’ इथेच आहे. साखर रक्तात भरपूर, डेसिलिटरला 100 मिलिग्रॅमच्या आसपास. पट्टीवरचं एन्झाइम तिच्यातून इलेक्ट्रॉन काढत राहतं. हृदयातलं ट्रोपोनिन-टी हे प्रथिन निरोगी माणसात लिटरला साधारण 14 नॅनोग्रॅमच्या खाली. त्याच लिटरात अल्ब्युमिन हे रक्तातलं नेहमीचं प्रथिन 40 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन अब्ज पट! शिवाय अँटिबॉडीने (ठरावीक रेणूलाच पकडणाऱ्या प्रथिनाने) ट्रोपोनिन पकडलं म्हणून वीज वाहत नाही. त्यासाठी एन्झाइम लावलेली दुसरी अँटिबॉडी, मग धुणं, मग सब्स्ट्रेट, म्हणजे ते एन्झाइम ज्यावर काम करतं ते रसायन. धुणं कमी पडलं की उरलेलं एन्झाइम निरोगी माणसालाही पॉझिटिव्ह ठरवतं. दुसऱ्या अँटिबॉडीशिवाय नुसता विजेला होणारा रोध मोजणाऱ्या पट्ट्याही असतात. पण पट्टीवरच्या कार्बनवर अल्ब्युमिन चिकटलं तरी रोध वाढतोच. म्हणून मोकळी जागा आधी 1 टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनने) भरतात. तेवढ्यानेही सगळं थांबत नाही.

किंमत? कार्बनची शाई, चांदीची शाई, पीईटी प्लास्टिकची फिल्म, हे खरंच स्वस्त. पैसे जातात अँटिबॉडीत आणि प्रत्येक बॅच तपासण्यात.

‘फ्रिज नको’ अर्धं खरं. ट्रेहॅलोज ही साखर घालून सुकवलेली अँटिबॉडी 30 अंशांपर्यंत टिकवता येते, पण कोरडी राहिली तरच. आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, त्या हवेत पाकीट फोडून ठेवलेली पट्टी संध्याकाळी भरवशाची नसते. सिलिका जेलच्या पुडीसह सीलबंद ठेवायची, फोडली की लगेच वापरायची. बनवणाऱ्यालाही हीच हवा नडते: अँटिबॉडी जोडायला लागणारं ईडीसी उणे 20 अंशांवर ठेवतात, बाटली गार असतानाच उघडली तर आत दव धरतं आणि रसायन निकामी होतं. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

आता दुखणी. छातीत कळ आल्यावर पहिले दोन-तीन तास ट्रोपोनिन वाढलेलं दिसेलच असं नाही, म्हणून काही तासांनी पुन्हा मोजतात. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-1 हे प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसांत सापडतं. लेप्टोचं उलट: त्याविरुद्ध शरीर स्वतः बनवतं ती आयजीएम अँटिबॉडी बहुधा पाचव्या-सातव्या दिवसानंतर दिसू लागते. लावणीच्या चिखलात राबलेल्या माणसाची तापाच्या तिसऱ्या दिवशीची ‘निगेटिव्ह’ पट्टी लेप्टो नाही असं सांगत नाही. डॉक्टरही तिथे रिपोर्टची वाट न बघता संशयावरूनच अँटिबायोटिक सुरू करतात.