‘दाऊ’ म्हणजे तू

इथे इंग्लंडात जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेला, शेक्सपिअरचं एक नाटक सक्तीचं, आणि परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची सोय नाही. लेकीच्या वाट्याला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आलंय. दोन महिने आमचा फ्रिज शब्दांच्या चिठ्ठ्यांनी भरलेला होता. ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे, ‘का’. ‘दाऊ’ म्हणजे ‘यू’. चिठ्ठ्या पाठ झाल्या, नाटक काही हलेना.

एका रविवारी भांडणाचा प्रवेश आम्ही दोघींनी मोठ्याने वाचला. टिबॉल्ट येतो तोच ‘जंटलमेन’ म्हणत, अगदी अहो-जाहो. रोमिओ समोर आला की ‘दाऊ आर्ट अ व्हिलन’.
“अगं, हा अरे-तुरेवर आला!” मी म्हटलं.
“पण आई, रोमिओपण त्याला तसंच म्हणतोय.”
म्हणतोच. रोमिओचं ज्युलिएटशी नुकतंच गुपचूप लग्न झालंय, टिबॉल्ट आता बायकोचा भाऊ लागतो. एकाचं ‘तू’ शिवीचं, दुसऱ्याचं नात्यातलं. वर्गातल्या मुलांना हे समासातली टीप वाचून कळतं. हिला स्वयंपाकघरातल्या मराठीने कळलं.

त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर वाद पेटला होता. मावसबहीण शाळेत मराठी शिकवते. तिने गॅदरिंगला ‘संगीत सौभद्र’मधला एक प्रवेश घेतला, तर पालक म्हणाले, भाषा कळत नाही, सोपी करून द्या. नाटक 1882चं; शेक्सपिअर त्याहून जवळजवळ तीनशे वर्षं जुना. ऑक्टोबर 2024मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले होते!

त्या नाटकातलं पद आहे, ‘नच सुंदरि करू कोपा, मजवरि धरि अनुकंपा.’ आजच्या मुलांना अनुकंपा माहीत आहे ती फक्त नोकरीतली, वडील गेल्यावर अर्ज करायची. मला तर वाटतं, धडा इथूनच सुरू करावा. शब्द बदलून टाकला तर ही गंमतच जाते.

अर्थात लांब बसून शिकवणं सोपं आहे. इथलीही बरीच मुलं शेजारच्या पानावरचं आजचं इंग्रजी वाचून, दहा-बारा अवतरणं घोकून मोकळी होतात. शिवाय इंग्रजी कशाला शिकायची, असं इथे कुणी विचारत नाही. तिकडे मराठीला ते रोज ऐकावं लागतं. आणि माझ्या लेकीला जोडाक्षरं अजून धड वाचता येत नाहीत, हे ग्रुपवर मी लिहिलेलं नाही.

बहिणीने शेवटी संवाद सोपे केले. ते मला पटलं नाही, तसं तिला सांगितलंही. “आणि पद?” मी विचारलं.
“पद आहे तसंच. ‘अनुकंपा’ आली की कार्टी हातात अर्ज धरल्यासारखं करतात. करू दे म्हटलं.”