बिल्ड हिरवं, बाकी काय हवं?

बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवणं, चालू असताना एखादं कॉन्फिगरेशन (सेटिंग) सापडलं नाही, तर पहिला नियम: कुणाला सांगू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. एरर देऊन मध्येच थांबतात त्या उद्धट सिस्टीम. आपली कशी, गुणी हवी.

गुणी म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या 'मेक' या साधनासारखी. व्हेरिएबल दिलेलंच नसेल तर तो चौकशा करत नाही, रिकामी जागा धरतो आणि कामाला लागतो. सेटिंगची फाइल जोडताना 'इन्क्लूड'च्या आधी एक बारीकशी रेघ मारा. फाइल नसली तरी तो ब्र काढणार नाही. मेकच्या 'जीएनयू मेक' या अवतारात न दिलेल्या व्हेरिएबल्सची चहाडी करणारा एक पर्यायही आहे. त्याच्या नादी लागू नका. सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनात लायब्ररी शोधणाऱ्या 'फाइंड_पॅकेज'पुढे 'रिक्वायर्ड' (म्हणजे 'हवीच') लिहायचं नाही आणि खाली 'सापडली तर जोड' अशी अट घालायची. लायब्ररी नसली की फीचर गुपचूप गळतं. ग्राहक शोधत बसेल मेनूमध्ये.

शेल स्क्रिप्टच्या माथ्यावर, न दिलेलं व्हेरिएबल दिसताच थांबवणारं 'सेट -यू' लिहिणारी माणसं मुळातच संशयी. जानेवारी २०१५ मध्ये गाजलेली, स्टीम या गेम्सच्या अ‍ॅपची लिनक्सवरची स्क्रिप्ट तशी नव्हती. 'स्टीमरूट' या व्हेरिएबलमध्ये दिलेल्या फोल्डरच्या आतलं सगळं पुसायचं, एवढंच तिचं काम. फोल्डर हलवलेल्या एका माणसाकडे ते व्हेरिएबल रिकामं निघालं. उरली नुसती तिरकी रेघ, म्हणजे अख्खी डिस्क. त्याच्या मालकीच्या फाइली गेल्याच, शिवाय बॅकअपसाठी जोडलेला ड्राइव्हही धुऊन निघाला. नावापुढे एक कोलन आणि एक प्रश्नचिन्ह असतं तर स्क्रिप्ट तिथेच थांबली असती. पण लिहिणाऱ्याने त्या ओळीच्या डोक्यावर 'स्केरी!' अशी कॉमेंट टाकली होती. भीती वाटते हे लिहून ठेवलं की झालं, आणखी काय करायचं? बिल्डच्या जुन्या फाइली पुसणाऱ्या तुमच्या 'मेक क्लीन'मध्येही असा वाव आहे, बघा जरा.

वेब अ‍ॅप असेल तर सर्व्हरच्या पत्त्याला डीफॉल्ट 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हेच मशीन') द्या. तुमच्या लॅपटॉपवर चालेलच. पत्ता बिल्डच्या वेळीच ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडच्या बंडलमध्ये पक्का बसतो, त्यामुळे प्रॉडक्शनमध्ये प्रत्येक ग्राहकाचा ब्राउझर सर्व्हर शोधायला ग्राहकाच्याच मशीनकडे जाईल. डीफॉल्ट दिलाच नाहीत तर पत्त्याच्या जागी 'अनडिफाइन्ड' हा शब्द जाऊन बसेल. तोही इंग्रजीत नऊ अक्षरी आणि रुबाबदार!

लागणाऱ्या व्हेरिएबल्सची यादी असते ती नमुन्याची एन्व्ह फाइल मात्र अद्ययावत ठेवू नका. नव्याने आलेल्या मुलीने कोणती व्हेरिएबल्स लागतात असं विचारलंच, तर ज्याने बिल्ड लिहिलं त्याच्याकडे पाठवा. तो मार्चमध्येच नोकरी सोडून गेलाय, हे तिला दुपारपर्यंत कळेल.